रंगाखालचा नंबर

2016 साली इंदूरमध्ये एका जुन्या पिस्तुलावरचा काळा रंग खरवडला, तेव्हा खाली पोलादावर ठोकलेले सहा आकडे दिसले : 168896. सीमा सुरक्षा दलाची शस्त्रं आणि डावपेच शिकवणारी शाळा इंदूरला आहे. तिच्या संग्रहालयात हे पिस्तूल बाकीच्या हत्यारांसोबत वर्षानुवर्षं पडून होतं. 1969 मध्ये पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस अकादमीतून काही हत्यारं इकडे आणली गेली, त्यांतलंच हे एक. गंज चढू नये म्हणून तिथल्या हत्यारांना रंगाचा हात दिलेला होता आणि त्या रंगाखाली नंबर गडप झाला होता. कागदांत मात्र तो शाबूत होता. लाहोर कटाच्या खटल्याच्या दप्तरात नोंद होती : .32 बोअरचं, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीचं ऑटोमॅटिक पिस्तूल. ते भगतसिंगांचं होतं.

17 डिसेंबर 1928 ला लाहोरमध्ये पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती राजगुरूंनी, आणि पाठोपाठ भगतसिंगांनी. राजगुरू पुणे जिल्ह्यातल्या खेडचे. पण आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना ते थोडे आपले वाटतात, कारण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे धडे घेतले होते. आणि इंदूर तरी कुठे लांबचं? मीटरगेजच्या काळात पूर्णेहून निघालेला रूळ हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा करत थेट इंदूरला जात होता. एवढ्या जवळच्या गावात, इतक्या मोलाची वस्तू, सत्तेचाळीस वर्षं रंगाखाली निनावी राहिली. ही गोष्ट वाशीमच्या वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांतून अधूनमधून अशा वस्तू निघत असतात आणि त्या हातात आल्यावर बहुतेकांना पहिली इच्छा होते ती घासूनपुसून 'नव्यासारखं' करायची.

वाशीम हे जुनं गाव. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, तेव्हाचं वत्सगुल्म. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात त्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचं मंदिर उभारलं. निजाम, भोसले, इंग्रज अशा सगळ्यांचे अंमल या मुलखाने पाहिले, त्यामुळे हत्यारंही सगळ्या काळांची इथे मुरली. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर या गावांतले जुने वाडे आता पाडले जाताहेत, स्लॅबची घरं उभी राहताहेत. माळवद उकरताना, भिंतीतला कोनाडा फोडताना, धान्याच्या कोठीमागे काहीबाही सापडतं. बहुतेक वेळा तलवारीचं पातं नाहीतर कट्यार. कधी ठासणीच्या बंदुकीची नळी. आणि क्वचित, चामड्याच्या म्यानात गुंडाळलेलं, गंजाने एकजीव झालेलं पिस्तूल. खंडेनवमीला आजोबा ज्याला हळदकुंकू वाहत होते, ते हेच, अशी आठवण घरातलं एखादं म्हातारं माणूस काढतं.

त्या क्षणी काय करावं? आधी, हात मागे घ्यावा. ठासणीचं हत्यार नळीच्या तोंडातून दारू, मग चिंध्या, मग गोळी असं ठासून भरलेलं असतं, आणि भरून ठेवलेलं हत्यार न उडवता कोपऱ्यात उभं करण्याची त्या काळी रीतच होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. नळीला ड्रिल लावून गंज मोकळा करताना, किंवा 'घोडा हलतो का' हे पाहताना माणसं जखमी होऊ शकतात. काडतुसाच्या पिस्तुलातही मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं नाही. एक काडतूस नळीच्या मागच्या खोलीत बसलेलं असू शकतं, आणि गंजाने स्लाइड घट्ट झाली असेल तर ते बाहेरून दिसतही नाही. म्हणून वस्तू आहे तिथे राहू द्यावी आणि पोलीस ठाण्याला कळवावं. पोलीस मुख्यालयात हत्यारांची देखभाल करणारे आर्मोरर असतात; भरलेलं आहे की रिकामं हे पाहायचं काम त्यांचं.

पोलिसांचं नाव काढलं की घरातले चपापतात. 'उगीच लफडं नको, विहिरीत टाकून देऊ' असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. तसं करू नये. कायदा इतका आंधळा नाही. तो नीट वाचला तर त्यात अशा वस्तूसाठी वाट ठेवलेली दिसते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक-पिस्तूल बाळगायला परवाना लागतो. पण याच अधिनियमाच्या कलम 45 मध्ये एक सवलत आहे : जुनाट घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही चालवता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. 'दुरुस्ती करून किंवा न करता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आज चालत नाही एवढं पुरेसं नाही. उद्या एखादी कमान बदलली, एखादी पिन बसवली आणि ते चालू झालं, तर ते हत्यारच. आणि ते चालू शकतं की नाही, हा निर्णय आपण घरी बसून घ्यायचा नसतो, तो जाणकाराच्या तपासणीवर ठरतो.

हत्यार वाडवडिलांच्या नावावर परवान्याचं असेल तर गोष्ट सोपी. परवानाधारक वारला की ते विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, अशी तरतूद कलम 21 मध्ये आहे, आणि वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसाहक्काचं हत्यार याच दोनांत मोजलं जातं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात.

आता छंदाचा मुद्दा. अमेरिकेत जुनं, दुर्लक्षित पिस्तूल विकत घ्यायचं, नवी नळी, नव्या कमानी, नवा चाप, नवी नेमाची माशी बसवायची, आणि ते पहिल्यापेक्षा सरस करायचं, हा रीतसर छंद आहे. सुटे भाग दुकानात मिळतात, त्यावर पुस्तकं आहेत. ते व्हिडिओ बघून आपल्याकडचा लेथवर काम करणारा, हाताला कसब असलेला मुलगा भारावून जातो, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. यंत्राचं आकर्षण ही चांगली गोष्ट आहे. पण भारतात कलम 5 प्रमाणे हत्यार बनवणं, विकणं, बदलणं, तपासणं आणि दुरुस्त करणं, या प्रत्येकाला परवाना हवा. हत्यार तुमच्या परवान्यावरचं असलं तरी ते पुसणं, तेल देणं एवढंच तुमचं. भाग बदलणं हे परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं काम. विनापरवाना दुरुस्तीला 2019 पासून किमान सात वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गावठी कट्ट्यांच्या धंद्याला आळा घालण्यासाठी हा दंडुका इतका जड केला आहे, आणि त्यात हौशी माणसाचीही फरफट होऊ शकते.

मला वाटतं, कायदा नसता तरी अशा पिस्तुलाला 'अपग्रेड' करणं चूकच ठरलं असतं. त्याचं कारण 168896 मध्ये आहे.

त्या जातीचं पिस्तूल म्हणजे कोल्टचं 1903 चं मॉडेल. रचना जॉन ब्राउनिंग यांची. घोडा स्लाइडच्या आत झाकलेला, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. मॅगझिनमध्ये आठ काडतुसं. वजन पाऊण किलोच्या आत. नळीच्या आत सहा पेचदार खाचा कोरलेल्या असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि सरळ जाते. कोल्टच्या पिस्तुलांत या खाचा डावीकडे वळतात. दुसऱ्या कित्येक कंपन्यांच्या उजवीकडे. म्हणजे नुसत्या गोळीवरच्या ओरखड्यांची दिशा पाहून, कुठल्या घराण्याचं पिस्तूल असेल याचा अंदाज बांधता येतो. त्याहून बारीक खुणा काडतुसाच्या रिकाम्या पितळी टरफलावर उमटतात. पिन जिथे आपटते तिथे खड्डा, मागे दाबलं जातं तिथे पोलादाच्या पृष्ठभागाचे ओरखडे, बाहेर फेकणाऱ्या आकड्याचं ओरबाडणं. एकाच कंपनीची, एकाच दिवशी बनलेली दोन पिस्तुलं घेतली तरी या खुणा सारख्या पडत नाहीत, कारण कापणारं हत्यार प्रत्येक घावाला किंचित झिजत असतं आणि पुढे वापराने झीज वाढते. लाहोरसारख्या खटल्यात पिस्तूल आणि टरफल यांची गाठ घालतात ती या खुणांवरून.

तर मग असं समजा की फिल्लौरला किंवा इंदूरला कुणी मनापासून, चांगल्या हेतूने, त्या पिस्तुलाची 'नव्यासारखी' डागडुजी केली असती. नळी खराब झाली म्हणून बदलली असती, पिन नवी टाकली असती, बाहेरून ग्राइंडर फिरवून खड्डे काढले असते, वर निकेलचा मुलामा चढवला असता. वस्तू देखणी झाली असती. आणि ती भगतसिंगांची आहे हे सांगणारं काहीच तिच्यात उरलं नसतं. उलट तो काळा रंग, कितीही ओबडधोबड असला तरी, परत काढता येण्यासारखा होता. म्हणून नंबर वाचला, पिस्तुलाची ओळख पटली, आणि 2017 मध्ये ते पंजाबात, हुसैनीवाला इथल्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात गेलं. जतनाचं काम करणारे लोक एकच कसोटी लावतात : आज जे करतो ते उद्या कुणाला उलटवता येईल का? रंग त्या कसोटीला कसाबसा उतरला. ग्राइंडर कधीच उतरत नाही.

नंबर घासून जाण्यात दुसरीही अडचण आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे हत्यारावरचं नाव, नंबर, खूण पुसणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडे असं पुसलेलं हत्यार सापडेल त्यानेच ते पुसलं असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. हौसेने मारलेल्या पॉलिश पेपरचे दोन हात एवढं करू शकतात.

आता गंजाकडे वळू, कारण ज्ञान लागतं ते इथे. पोलादावरची मूळची निळसर काळी झळाळी हाही एक प्रकारचा गंजच असतो, पण शहाणा गंज. कारखान्यात ठरावीक तापमानाला लोखंडाच्या पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा, अगदी पातळ थर बनवतात. तो घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. लाल गंजाचं तसं नसतं. हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन लोखंडात शिरून जो तांबूस भुसभुशीत पदार्थ बनतो, तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो, सुटतो, आणि खालचं नवं लोखंड उघडं पाडतो. म्हणून तो थांबत नाही. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की त्याला गती येते. वाशीमला मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, आषाढ-श्रावणात भिंतींना ओल फुटते. पावसाळ्याच्या चार महिन्यांतच वर्षभराचा गंज चढतो.

क्षार असेल तर इतक्या ओलीचीही गरज लागत नाही. हाताच्या घामातलं मीठ पुरतं; उघड्या बोटांनी धरलेल्या पोलादावर काही दिवसांनी बोटांचे ठसे तांबड्या रंगात उमटलेले दिसतात. आपल्या भागात याहून मोठा शत्रू खताचा आहे. सोयाबीनच्या हंगामाआधी ज्या खोलीत खताच्या गोण्या रचतात, तीच खोली बहुधा जुन्या सामानाचीही असते. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची धूळ लोखंडावर बसते, पाणी ओढते, आणि क्लोराइड पोलादात खोल खड्डे पाडत जातं. अशा खोलीत ठेवलेलं जुनं पातं किंवा नळी शेजारच्या घरातल्या वस्तूपेक्षा कितीतरी आधी संपते.

आणि म्यान. पिस्तूल चामड्याच्या म्यानात सुरक्षित राहतं असं सर्वांना वाटतं. प्रत्यक्षात चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, ते हवेतली ओल शोषतं आणि पोलादाला चिकटून बसतं. म्यानातून काढलेल्या पिस्तुलावर जिथे चामडं टेकलं होतं नेमकं तिथेच गंजाचे चट्टे असतात, शिवणीच्या टाक्यांसकट. म्यान फेकू नये, त्यावर कारागिराचा शिक्का किंवा मालकाची अक्षरं असू शकतात. पण दोन्ही वेगळं ठेवावं. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या जुन्या कोल्टला कडक रबराच्या असत. उजेडात त्या काळ्याच्या तपकिरी होतात, आणि त्यांतून सुटणारं गंधक शेजारच्या धातूला खातं. लाकडी मूठ असेल तर तिला पॉलिश पेपर लावू नये. हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड ही त्या वस्तूच्या आयुष्याची नोंद आहे.

तपासणी होऊन, हत्यार निकामी आणि सवलतीत बसणारं ठरलं, तर मग घरी काय करता येतं? थोडंच, पण ते नीट करावं. सगळ्यात आधी फोटो : सर्व बाजूंनी, सपाट उजेडात आणि तिरप्या उजेडात. तिरपा उजेड टाकला की झिजलेले शिक्के, अक्षरं उठून दिसतात. सोबत मोजमापं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवेल ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेवावं, तारखेसह. मग हातमोजे घालून मऊ ब्रशने धूळ. सुटा, भुसभुशीत गंज बांबूच्या किंवा लाकडाच्या चपट्या कामटीने, हलकं तेल लावून, अलगद उचलायचा. घट्ट बसलेला काळसर थर तसाच सोडायचा; तो खालच्या धातूला झाकतो, आणि नंबर असेल तर त्याच थरात असतो. चिंच, लिंबू, टॉयलेट साफ करायचं आम्ल यांतलं काहीही लोखंडाला लावू नये. देव्हाऱ्यातलं तांबं-पितळ त्याने उजळतं, म्हणून बायाबापड्या तोच उपाय इथेही करतात; पण आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं, आणि नीट धुतलं गेलं नाही तर आत राहून पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज आणतं.

शेवटी संग्रहालयांत वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचं पातळ बोट फिरवावं. ते पारदर्शक असतं, ओल अडवतं, आणि पांढऱ्या स्पिरिटने परत काढता येतं. खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडची सवय वाईट. ते काही महिन्यांत खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं. ठेवताना सुती कापड किंवा आम्लमुक्त कागद, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि गोण्यांपासून दूरची खोली.

वस्तूला शंभर वर्षं झाली असतील आणि तिला ऐतिहासिक मोल असेल, तर 1972 च्या पुरातन वस्तू अधिनियमाप्रमाणे ती पुरावस्तूत मोडते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ज्यांना घरी सांभाळायची नसेल त्यांच्यासाठी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय जवळ आहे. 1863 मध्ये सुरू झालेल्या या 'अजब बंगल्यात' हत्यारांचं दालन आहे.

ज्याच्या बोटांना यंत्र उघडल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्यासाठीही एक रस्ता आहे, आणि तो मी मनापासून सुचवते. एअर पिस्तूल. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे .177 बोअरपर्यंतच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या, आणि 20 ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या नेमबाजीचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरंच आत असतं. जुनी कमानीची एअर पिस्तुलं माळ्यांवर पडलेली आढळतात. त्यांचा रोग बहुधा एकच : दट्ट्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर वाळून कडक झालेला असतो आणि हवा बाजूने निसटते. हा वायसर हलक्या तेलात भिजत ठेवला की फुगतो, मऊ होतो, नळकांड्याला पुन्हा घट्ट बसतो, आणि मेलेलं पिस्तूल छर्रा फेकू लागतं. तेल जास्त झालं तर मात्र दाबाच्या उष्णतेने ते आतच पेटतं, धूर येतो आणि कमान मोडते. ताकद मर्यादेबाहेर वाढवण्याचा खटाटोप करायचा नाही. तसं केलं की ते परवान्याचं हत्यार झालं.

उघडताना एक जपायचं. आतली कमान विसावलेल्या अवस्थेतही थोडी दाबूनच बसवलेली असते. मागचं बूच सुटलं की ती चेहऱ्याच्या दिशेने उसळते. म्हणून बूच काढण्याआधी लांब आट्यांच्या शिकंज्यात पिस्तूल धरून कमानीवर दाब ठेवतात, पिन बाहेर काढतात, आणि मग शिकंजा एकेक फेरा सैल करत कमान पूर्ण लांबीची होऊ देतात. डोळ्यांना चष्मा, आणि तोंड त्या रेषेत नको.